ताण कोणी दिला, ते आधी विचारा

प्रति,
कृषी आयुक्तालय, पुणे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नागपूर. आणि उपग्रहाच्या चित्रांवरून शेतकऱ्याला सल्ला पाठवणारी सगळी सरकारी-खासगी मंडळी यांना

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी धार काढून उठतो न उठतो तोच मोबाइल वाजला. एका ॲपचा मेसेज होता : "आपल्या डाळिंब बागेत तीव्र ताण आढळला आहे. तातडीने पाणी द्यावे." खाली माझ्या गटाचा नकाशा, अगदी बांधासकट, आणि आत सगळीकडे लाल.

मला हसू आलं. ताण होताच. मीच दिला होता. नोव्हेंबरच्या मध्यावर ठिबकचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद केला, मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली, कारण गडी सवयीने पाणी सोडून बसेल ही धास्ती. त्या दिवशी ताणाचा बाविसावा दिवस होता. पानं पिवळी पडू लागली होती, शेंड्याची वाढ थांबली होती. म्हणजे सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

तुमच्यातल्या कितीजणांनी बहार धरताना पाहिलाय माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. डाळिंबाला आमच्या हवेत वर्षभर कधीही फूल येतं, पण विस्कळीत. चार फुलं आज, दहा पुढच्या महिन्यात. असल्या बागेचा माल व्यापारी घेत नाही. म्हणून झाडाला एकदम फुलायला लावायचं, त्यासाठी आधी त्याचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. झाड वाढ थांबवतं, काडीत अन्न साठवतं, पानं सोडायला लागतं. मग इथ्रेल मारून उरलेली पानगळ करायची, हलकी छाटणी, शेणखत, बेसल डोस, आणि त्यावर पहिलं पाणी. याला आम्ही ताण तोडणं म्हणतो. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत सबंध बाग कळीने लाल होते. तो लाल रंग तुमच्या नकाशात येत नाही, हे जाता जाता.

तुमच्या शास्त्रात ताण म्हणजे बिघाड. आमच्यात ताण हे काम आहे. तो द्यावा लागतो, धरावा लागतो आणि वेळेवर तोडावा लागतो. वरुड-मोर्शीकडचा संत्रावाला मृग बहारासाठी ऐन मे महिन्यात झाडं ताणावर सोडतो. नाशिक-तासगावचा द्राक्षवाला तर वर्षातून दोनदा वेल उघडी करतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी. छाटणीच्या दुसऱ्या दिवशी वरून पाहिलं तर बाग मेलीच म्हणायची.

मी हसून मेसेज पुसून टाकला. शेजारच्या तात्यांच्या बागेत मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. तात्या सत्तरीचे, मोबाइल फक्त बोलायला. ॲप त्यांच्या पोराच्या फोनवर, आणि पोरगा पिंपरीला कंपनीत. त्याने कामावरून गड्याला फोन केला, "अरे बाग जळतीय म्हणे, पाणी सोड." गड्याने सोडलं. सहा तास. तात्या त्या दिवशी लग्नाला गेले होते. संध्याकाळी येऊन बघतात तर ड्रिपरखाली ओली वर्तुळं. ताण मध्येच तुटला की झाड फुलायचं सोडून पालवी काढतं. तात्यांच्या बागेत कोवळी, तांबूस, दिसायला फार सुंदर अशी पालवी आली आणि कळी मागे-पुढे, विरळ निघाली. पोराचा काही दोष नाही. त्याला बापाची काळजी वाटली, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस तंत्रज्ञानाच्या विरुद्ध लिहायला बसलाय. तसं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. मी कृषी पदवीधर आहे, झाडाची शरीरक्रिया हा माझा कॉलेजातला आवडता विषय, आणि प्रकाशावरून झाडाची तब्येत ओळखणं ही मला आजही जवळजवळ जादू वाटते. तक्रार आहे ती या जादूच्या वापराबद्दल.

उपग्रह खोटं बोलला नाही, हे पहिल्यांदा कबूल करतो. हिरवं पान लाल आणि निळा प्रकाश खातं, थोडा हिरवा परत फेकतं, म्हणून ते हिरवं दिसतं. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र त्याच्या कामाचा नाही. पानाच्या आतल्या स्पंजासारख्या पेशी, त्यांच्यामधली हवा आणि पाणी यांच्यावर आपटून तो जवळपास निम्मा परत फिरतो. म्हणजे निरोगी पान लालमध्ये काळं आणि अवरक्तात लख्ख. या दोहोंमध्ये, ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान, एक उभा कडा आहे. त्याला रेड एज म्हणतात. हरितद्रव्य कमी झालं की हा कडा लाल बाजूला सरकतो. पाणी कमी झालं की १४५० आणि १९४० नॅनोमीटरजवळ पान जास्त उजळ दिसू लागतं, कारण तिथला प्रकाश पाणी पीत असतं. एनडीव्हीआय नावाचा आकडा, ज्याच्यावर तुमच्या बहुतेक ॲपचा संसार चालतो, तो फक्त लाल आणि अवरक्त या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज आहे. माझ्या बागेची पानं पिवळी झाली, काही गळली, आकडा खाली आला, नकाशा लाल झाला. बरोबर आहे.

पण एनडीव्हीआय हा वरातीमागून येणारा घोडा आहे. झाडाला पाणी कमी पडलं की पहिल्यांदा काय होतं? पानाची रंध्रं मिटतात. घाम यायचा थांबला की माणूस तापतो, तसं पान तापतं, आणि हे काही तासांतच. त्याच सुमारास झाड नको असलेला प्रकाश उष्णता करून सोडून देऊ लागतं, त्यासाठी पानातली पिवळी रंगद्रव्यं रूप बदलतात आणि ५३१ नॅनोमीटरजवळ पानाचा उजेड किंचित बदलतो. प्रकाशसंश्लेषण मंदावतं. हरितद्रव्य कमी व्हायला दिवस जातात, पानं गळायला आठवडे. आपण या सगळ्या साखळीची शेवटची कडी मोजतो आणि तिला "पूर्वसूचना" म्हणून विकतो.

ही शेवटची कडी किती महाग पडते ते ऑगस्टमध्ये कळलं. तेच ॲप, तीच बाग. नकाशा गडद हिरवा, वर "पीक उत्तम" अशी शाबासकी. मी मात्र तिसऱ्या ओळीत एका झाडापुढे उभा होतो. एकच फांदी पिवळी, बाकी झाड टवटवीत. साल खरवडून पाहिली, आत लाकडात काळपट तपकिरी रेघा. मर. ही बुरशी मुळातून वर चढते, पाण्याच्या नळ्या चोंदवते आणि शेजारच्या झाडांच्या मुळांकडे सरकते. एक फांदी पिवळी दिसते तोवर त्या झाडाचं काही उरलेलं नसतं. धावपळ करायची ती आजूबाजूची झाडं वाचवायला. लगेच आळवणी, म्हणजे मुळांशी औषध ओतायचं, आणि रोगी झाड मुळासकट बाहेर काढून जाळायचं. सांगोला तालुक्याने मर आणि खोड पोखरणारा पिन होल बोरर किडा यांच्यापायी बागाच्या बागा कुऱ्हाडीने तोडलेल्या आहेत. डाळिंबाचा तालुका म्हणून ज्याचं नाव होतं, तिथल्या माणसाला एक आठवडा लवकर कळणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही.

नकाशा हिरवा का होता? ओळींमध्ये गुडघाभर तण होतं. पावसाळ्यात मजूर मिळाले नाहीत, खुरपणी राहिली, आणि वरून बघणाऱ्याला हिरवं ते हिरवं. झाडाचा ताण तणाने झाकला. मराठीत एका कान्याचा फरक आहे, तुमच्या गणितात तोही दिसत नाही.

तण काढलं असतं तरी फार काही दिसलं नसतं, कारण हिशेब साधा आहे. मोफत मिळणारी, सर्वांत जास्त वापरली जाणारी चित्रं सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि २०२४ मध्ये पहिल्याची जागा घ्यायला तिसरा. जोडीने मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा बघतात. चित्राचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर. माझी लागवड पंधरा फूट बाय दहा फूट, म्हणजे एकरी २९० झाडं. एका ठिपक्यात सात झाडं आणि त्यांच्यामधली सगळी जमीन. सातातल्या एका झाडाची एक फांदी पिवळी. सांगा, आकडा कितीसा हलणार? ज्या रेड एजचं मी वर कौतुक केलं त्याचे पट्टे तर वीस मीटरचे, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस झाडांची सरासरी. आणि एक एकराचा तुकडा म्हणजे जेमतेम चाळीस ठिपके. त्यातले कडेचे ठिपके अर्धे माझे, अर्धे तात्यांच्या मक्याचे नाहीतर रस्त्याचे. दोन-तीन एकरवाल्यांच्या जिल्ह्यात कडाच जास्त आणि मध्य कमी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तरीही नकाशा बांधाला बांध लावून असा रंगवून येतो, की जणू प्रत्येक झाड मोजलंय.

आणखी एक. हे उपग्रह आमच्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातात. सकाळी अकराला ताणावरचं झाडही बऱ्यापैकी तरतरीत असतं. रात्रभरात मुळांनी जे काय ओढलं त्यावर उभं. दुपारी दोनला या आणि मग बघा.

मी बघितलंय. कारखान्यात बेअरिंग तापलंय का बघायला जी पिस्तुलासारखी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात, तसली एक मी ऑनलाइन मागवली. (कोरोनात कपाळाला लावायची ती नव्हे. ती पानावर धरली तर काहीबाही दाखवते.) गेल्या ताणात दोन झाडांना मी मुद्दाम बादलीने पाणी चालू ठेवलं होतं. दुपारी दोन वाजता, ऊन पाठीवर घेऊन, हातभर अंतरावरून पानांवर नेम धरला. पाणी असलेलं झाड आणि ताणावरचं झाड यांत तीन-चार अंशांचा फरक सहज येत होता, आणि तो पहिल्या आठवड्यातच, पानं पिवळी पडायच्या कितीतरी आधी. सकाळी आठला तीच दोन झाडं मोजली तर फरक जवळपास नाही. यात मी काही नवीन केलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी शेतांवर इड्सो आणि जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्येच पानाचं तापमान आणि हवेचं तापमान यांच्या फरकावरून पिकाच्या तहानेचा निर्देशांक बांधला. इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तालुक्यातल्या एकाही सल्ल्यात पानाचं तापमान आलेलं मी पाहिलं नाही.

उष्णता मोजणारे उपग्रह आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा उष्णतेचा ठिपका मुळात शंभर मीटरचा, म्हणजे सातशेच्या वर डाळिंबाची झाडं, विहीर, पत्र्याचं शेड आणि कडबा, सगळ्यांचं मिळून एक तापमान. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांची "तृष्णा" नावाची मोहीम याच कामासाठी आखलेली आहे. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. तिचा ठिपका साठेक मीटरचा, म्हणजे जवळजवळ एकराला एक. उसाच्या पट्ट्याला, गव्हाच्या चकाला याचा उपयोग होईल. माझ्या तिसऱ्या ओळीतल्या झाडाला नाही, आणि तसं कोणी सांगू नये.

झाड स्वतः प्रकाशतं, हे ठाऊक आहे का? शाळेतल्या पुतण्याला मी दाखवलं. पालकाची पानं खलबत्त्यात कुटली, स्पिरिटमध्ये भिजवली, गाळून काचेच्या ग्लासात हिरवं पाणी घेतलं आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीचा झोत मारला. हिरवं पाणी रक्तासारखं लाल झालं. पोरगं दचकलं. हरितद्रव्याने घेतलेला प्रकाश वापरायला जागा नसली की त्यातला थोडा ते असा लाल करून परत सोडतं. जिवंत पानातही हे दिवसभर चालू असतं. घेतलेल्या प्रकाशाच्या शेकडा एक-दोन भाग. उन्हात तो दिसत नाही, पण हवेतला प्राणवायू ७६० नॅनोमीटरजवळचा सूर्यप्रकाश शोषून एक काळी रेघ पाडतो, आणि त्या रेघेच्या अंधारात पानाचा स्वतःचा उजेड मोजता येतो. केवढी युक्ती! पान हिरवंच दिसत असताना त्याचं आतलं काम थांबलंय का, हे यातून कळू शकतं. युरोपीय अवकाश संस्थेची फ्लेक्स ही मोहीम खास या उजेडासाठी. तिचा ठिपका तीनशे मीटरचा, म्हणजे बावीस एकर. पुन्हा तेच.

म्हणजे लवकर सांगणारा प्रकाश आहे, पण तो आभाळातून जाडजूड ठिपक्यांत येतो. बारीक ठिपक्यांत येतो तो उशिरा सांगणारा. हे दोन्ही शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येतं. सांगत कोणी नाही.

या देशात दूरसंवेदनाची सुरुवात कुठून झाली आठवा. युद्धापासून नाही, शहराच्या नकाशापासून नाही. केरळातल्या नारळाच्या रोगापासून झाली. १९७० मध्ये हवामानशास्त्रज्ञ प्रा. पिशारोटी आणि त्यांचे सहकारी हेलिकॉप्टरमध्ये बसले, अवरक्त प्रकाश टिपणारी फिल्म कॅमेऱ्यात घातली आणि रूट विल्टने पछाडलेल्या माडांच्या बागा वरून टिपल्या. रोगी माड चित्रात वेगळे उमटले. त्या वेळी आपल्याकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. आर्यभट १९७५ चा, आणि जमीन नियमित बघणारा आयआरएस-१ए १९८८ चा. पण त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट होती जी आज हरवली आहे. प्रश्न जमिनीवरून वर गेला होता. रोग कोणता, तो कोणत्या बागांत आहे, हे आधी माहीत होतं आणि मग कॅमेरा उडाला. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, अमेरिकेत कोलवेल यांनी गव्हाचा तांबेरा अवरक्त छायाचित्रांतून ओळखला, तेव्हाही खाली गव्हात माणसं होती. आता उलटं आहे. चित्र आधी येतं, उत्तर त्याच्यासोबतच छापून येतं, आणि झाडाजवळ कोणी उभंच नसतं.

प्रकाश एवढंच सांगतो की झाड अडचणीत आहे. कशामुळे, ते सांगत नाही. पाणी कमी पडलं तरी पान पिवळं, जास्त झालं आणि मुळं गुदमरली तरी पिवळं. लोह कमी, सूत्रकृमी, मर, मी दिलेला ताण, सगळ्याचं बाहेरून दिसणारं तोंड एकच. २०२३ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन यलो मोझॅक या विषाणूच्या रोगाने पिवळं पडलं. सोयाबीन पक्व झालं तरी पिवळंच पडतं. पेरणीची तारीख आणि वाण माहीत नसेल तर वरून बघणारा काय ओळखणार, शेंग भरली की रोगाने खाल्लं?

म्हणून माझं मुख्य मागणं अगदी स्वस्त आहे. उपग्रह नको, पैसा नको. आम्हाला विचारा. ई-पीक पाहणी आम्ही २०२१ पासून स्वतः मोबाइलवर करतोय. बागेत उभं राहून फोटो काढतो, क्षेत्र भरतो. त्यात दोन रकाने वाढवा : बहार कोणता, आणि पाणी कधी तोडलं किंवा छाटणी कधी केली. फळपीक विम्याला मृग आणि आंबिया वेगळे कळतात, हप्ता आणि मुदत वेगळी ठरते. मग सल्ला देणाऱ्या यंत्रालाच ते कळू नये याला काय अर्थ आहे? ही तारीख मिळाली की तोच लाल नकाशा सोन्याचा होईल. बाविसाव्या दिवशी बाग लाल दिसली पाहिजे, आणि जर एखादा कोपरा अजून हिरवा असेल तर तिथे ठिबकची लॅटरल नळी गळतेय किंवा शेततळ्याचा पाझर येतोय, हे मला कळेल. मला हवा असलेला सल्ला तो आहे : "बाकी बाग ताणावर आहे, वायव्येचा कोपरा नाही." या एका मेसेजसाठी मी पैसे मोजीन.

दुसरं, मेसेजची भाषा. "तातडीने पाणी द्यावे" हे कोणी लिहिलं? ज्याने लिहिलं त्याने डाळिंब फक्त वाटीत सोललेलं पाहिलं असावं. यंत्राने प्रश्न विचारावा. "आपल्या बागेत पानं कमी झालेली दिसतात. आपण ताण दिला आहे का?" हो किंवा नाही. "हो" म्हटलं की गप्प बसावं. "नाही" म्हटलं की माणूस पाठवावा. मी त्या ॲपच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एका नम्र मुलीने माझी तक्रार "नोंदवून घेतली." तिच्याजवळ माझा नकाशाही नव्हता. माझं "चूक आहे" हे उत्तर ज्याने गणित बांधलं त्याच्यापर्यंत पोचायची वाटच ठेवलेली नाही, मग ते गणित शहाणं होणार कसं?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. आनंद आहे. यातला मोठा वाटा स्क्रीन आणि डॅशबोर्डवर जाईल अशी मला शंका आहे, माझी शंका खोटी ठरो. त्यातले थोडे पैसे सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राला, राहुरीच्या विद्यापीठाला, नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेला एका कंटाळवाण्या कामासाठी द्या. हातात धरायचा स्पेक्ट्रोमीटर घेऊन बागेत फिरायचं आणि पानांचे प्रकाश-ठसे गोळा करायचे. भगवा वाण, ताणाचा दहावा दिवस, हलकी जमीन. भगवा वाण, मरीचा पहिला आठवडा. तेल्या रोग पडलेलं पान. शेंड्याला लोह कमी. अशी वही आमच्या पिकांची, आमच्या मातीतली असेल तर वरचं चित्र वाचता येईल. केंद्र सरकारने २०१४ मध्ये फळं-भाज्यांसाठी "चमन" प्रकल्प सुरू केला, त्यात केळी, आंबा, लिंबूवर्गीय, बटाटा, कांदा, टोमॅटो, मिरची अशी सात पिकं घेतली. डाळिंब त्यात नव्हतं.

ढगांचं तर बोलायलाच नको. मृग बहार जून-जुलैत फुलतो, तेल्याचा जोर पावसाळी हवेत, आणि नेमके तेव्हाच आठवडेच्या आठवडे वरून फक्त कापूस दिसतो. रडार ढगातून बघतं, जुलै २०२५ मध्ये गेलेला निसार उपग्रह त्याच जातीचा. पण रडारला ओल आणि आकार कळतो, पानाचा रंग नाही. तेव्हा पावसाळ्यात ॲपने सरळ लिहावं, "पंधरा दिवस दिसलं नाही." जुनं चित्र नव्या तारखेने रंगवून पाठवू नये. त्या काळात ड्रोन कमी उंचीवरून, ढगांखालून जाऊ शकतो. गावात बचत गटाच्या बायकांकडे फवारणीचे ड्रोन आलेत, फोटोही झालेत. त्यातल्या तालुक्याला दोनजणींच्या ड्रोनला बहुवर्णी आणि उष्णतेचा कॅमेरा बसवून दिला, आणि दुपारी दोनला उडवायचं शिकवलं, तर झाड न झाड वेगळं दिसेल. ठिपका हाताच्या पंजाएवढा होतो तिथे.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो डाळिंबापुरता नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना २०२३ पासून उपग्रहावर आधारित अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन आलं, पुढे सोयाबीनही त्यात आलं. शेतातलं पीक कापून उत्पादन मोजायच्या पीक कापणी प्रयोगात काय चालतं हे गावाला माहीत असतं, त्यामुळे वरच्या डोळ्याला माझा सरसकट विरोध नाही. पण ज्या आकड्यावर भरपाई ठरते तो आकडा गट नंबर टाकून, तारखेसकट, आम्हाला बघता आला पाहिजे. कोणत्या दिवसाचं चित्र, किती ढग, किती ठिपके, कोणतं पीक धरलं. सातबारा ऑनलाइन निघतो, मग माझ्याच रानाचा एनडीव्हीआय गुपित कशाला? आणि नुसत्या नकाशावरून कोणाचा दावा फेटाळू नये. आधी एक माणूस जाऊन यावा, आणि त्याने बांधावरून नव्हे तर पिकात शिरून बघावं.

यंदाचा ताण मी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू करणार आहे. तुमच्यापैकी कोणी यायचं म्हणत असेल तर एक सोय करून ठेवतो. दोन ओळींना पाणी चालू, दोन ओळी ताणावर, आणि ज्या जागेवरून मरीचं झाड काढलं तिच्या कडेची चार झाडं तुमच्या निरीक्षणासाठी चुन्याची खूण करून. विसाव्या दिवसाच्या आसपास या, उपकरणं घेऊन या. सकाळी अकराला एकदा मोजू, वर उपग्रह असेल तर त्याचं त्याला मोजू दे. मग घरी भाकरी-पिठलं खाऊ आणि दुपारी दोनला पुन्हा मोजू. दोन्ही आकडे त्याच वहीत, तुमच्या सहीने. तात्यांनाही बोलावतो. त्यांना विचारायचं ते तोंडावर विचारतील, तेवढं सहन करा.

येताना जुने बूट घाला, डाळिंबाचे काटे चपलेतून आत जातात. आणि गड्याला पाणी सोडायला सांगू नका, मोटारीच्या पेटीची चावी माझ्या खिशातच असते.

आपला,
एक डाळिंब बागायतदार
ता. सांगोला, जि. सोलापूर